चोवीस तासांच्या आत

भाजलेला दगड कच्च्या दगडापेक्षा जवळजवळ निम्म्याने हलका असतो. हातात घेतला की कळतं.

एक शेळी हरवली होती.

प्रश्न ४१. मानवी शरीरातील सर्वांत मोठा अवयव कोणता? (अ) यकृत (ब) फुप्फुस (क) त्वचा (ड) मेंदू.

बागेच्या कडेने नवी कोरी तार. तारेला दुकानाची चिठ्ठी अजून लटकलेली.

काचेवर अंगठा ठेवा. उचला. पुसा. पुन्हा ठेवा.

शिडीवर चढलेला माणूस खाली कोण आलंय ते बघत नाही.

*

"त्वचा," आई म्हणाली. तिने हातोडा थांबवला नव्हता.

"अगं, पर्याय तरी ऐकून घे."

"ऐकायचे कशाला? कालच झाला हा. यकृत, फुप्फुस, त्वचा, मेंदू. त्वचा. पुढचा विचार."

चुन्याच्या भट्टीसमोर तीन बायका बसल्या होत्या. दोघी दगड फोडत होत्या आणि तिसरी वाचत होती. फोडणाऱ्या म्हणजे आई आणि आत्या. वाचणारी ही घरातली एकुलती एक मुलगी. विसावं सरलेलं, मान लांब, खांदे पाट्या वाहून रुंद झालेले. तिने पोलीस भरतीत शिपायाचा फॉर्म भरला आणि गावाने तिला त्याच दिवशी बढती दिली. सगळे तिला फौजदार म्हणायला लागले. किराणा दुकानदारसुद्धा. "या फौजदार, साखर संपली का चौकीतली?"

पुस्तक जाडजूड होतं. नागरिकशास्त्र आणि सामान्यज्ञान, दोन हजार प्रश्न, शेवटी उत्तरं. आईला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मुलगी मोठ्याने वाचायची आणि आई दगड फोडता फोडता ऐकायची. दीड हजारावर प्रश्न तिच्या डोक्यात जाऊन बसले होते. आत्याच्या डोक्यात एकच बसला होता.

"मला विचार की माझा," आत्या म्हणाली.

"सर्वांत खारट समुद्र कोणता?"

"मृत समुद्र. बुडत नाही माणूस त्यात. आपल्याला उपयोग नाही."

मुलगी दगड फोडत नव्हती याचं कारण तिचा उजवा अंगठा.

*

फॉर्म भरायला ती तालुक्याच्या ठिकाणी गेली होती, तेव्हाची गोष्ट. फॉर्मवाल्याने छोट्या यंत्राची काच तिच्याकडे वळवली. तिने अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा लाल. फॉर्मवाल्याने तिला अंगठा पदराला पुसायला लावला, मग केसांत घासायला लावला, मग स्वतःच्या बोटाने वरून दाबला.

"काय काम करता तुम्ही?"

"चुन्याची भट्टी आहे घरची."

"मग बरोबर. चुन्याने रेषा खाल्ल्यात. हा बघा, कोरा कागद."

सातव्या खेपेला हिरवा दिवा लागला. फॉर्मवाला भला माणूस होता. म्हणाला, "परीक्षेला हेच यंत्र असतं. तिथे सात वेळा कोणी ठेवू देणार नाही. मागे दीडशे पोरी उभ्या असतात. परीक्षेपर्यंत चुन्यात हात घालू नका. रेषा परत येतात. कातडी आहे ती, उगवते."

घराने हे डॉक्टरच्या पथ्यासारखं घेतलं. वेळ दोन महिन्यांचा होता. मुलीच्या वाटणीची घमेली बापाने उचलली. आत्या गुडघे दुखतात म्हणून भावाकडे चार दिवस राहायला आली होती, तिच्या हातात हातोडा आला. मुलीने चुन्याला, दगडाला, राखेला हात लावायचा नाही. भांडी घासायची नाहीत. मैदानातली चाचणी झाली होती. तिथे छातीवर नंबर बांधून पळवतात, अंगठा विचारत नाहीत. डोक्यावर दगड घेऊन चढ चढणारी मुलगी, तिला आठशे मीटर म्हणजे मोकळ्या हाताने फिरायला जाणं. ती दुसरी आली. आता लेखी राहिली होती, आणि लेखीच्या दारात यंत्र.

"आपण सगळे अंगठेबहाद्दर," आत्या म्हणाली, "आणि अंगठा कुणाचाच उमटत नाही. काय पण खानदान!"

रोज उन्हं कलली की आई मुलीचा अंगठा तिरप्या उजेडात धरायची.

पहिले पंधरा दिवस काही नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "आल्या गं."

"कुठे?"

"हे काय. नांगरल्यासारख्या. एक, दोन, तीन."

बाप भट्टीच्या वरच्या तोंडाशी उभा होता, तिथून खाली आला. त्यानेही अंगठा धरून बघितला. स्वतःचा बघितला. परत वर गेला.

*

प्रश्न ५१२. चुनखडीचे रासायनिक नाव काय?

"कॅल्शियम कार्बोनेट," मुलगी म्हणाली.

"पुन्हा सांग," बाप म्हणाला.

"कॅल्शियम कार्बोनेट. भाजल्यावर कॅल्शियम ऑक्साइड. म्हणजे आपला कळीचा चुना."

"पंचवीस वर्षं भाजतोय," बाप म्हणाला. "नाव आज कळलं." त्याने मूठभर खडी उचलून हलवली. "काय हो कार्बोनेटसाहेब, राग नाही ना आला?"

त्या दिवशी सगळे हसले. भट्टी भरून झाली होती. खाली लाकूड, मग दगडाचा थर, मग कोळशाचा, मग दगड. माणसाच्या दोन उंची एवढा विटांचा गोल बुरूज. वरून भरायचं, खालच्या तोंडातून पिकलेलं काढायचं. शनिवारी सकाळी बापाने पेटवली. एकदा पेटली की पाच दिवस तिला सोडून जाता येत नाही. मधे भूक लागू दिली की आतला दगड कच्चा ना पिकलेला असा राहतो आणि त्याला कुत्रं विचारत नाही.

परीक्षा पुढच्या रविवारी होती.

*

भट्टीकडे येणारी गाडीवाट बागेच्या कडेने होती. बागवाल्याच्या बापाच्या वेळेपासून होती. शनिवारी दुपारी कोळशाची दुसरी गाडी आली तेव्हा वाटेवर तार होती. चार खुंट्या, तीन पदर, पलीकडे बागवाला खुर्ची टाकून बसलेला.

"फुलोरा आलाय," बागवाला म्हणाला. "तुझी राख बसते त्यावर. महिनाभर भट्टी बंद ठेव."

"पेटवलीय हो मालक आज सकाळी. मधे विझवली तर भिंत तडकेल. पाच दिवस द्या, मग महिनाभर हात लावत नाही."

"मी कुठे अडवलंय? भट्टी तुझी, चालव की. माझ्या जमिनीवरून गाडी नको."

"मग कोळसा आणू कुठून?"

"वरून आण. हवेतून."

गाडीवाला हसला, मग हसू गिळलं. बागवाला जेवायला घरी गेला. बाप थोडा वेळ उभा राहिला. वर धूर पातळ व्हायला लागला होता. त्याने दोन खुंट्या उपटल्या, गाडी आत घेतली, खुंट्या त्याच भोकांत परत रोवल्या आणि टाचेने माती दाबली. तार होती तशी ताणून बांधली. चिठ्ठीसुद्धा तशीच लटकत होती.

"पोलिसाचा बाप आणि खुंट्या उपटतो," आत्या म्हणाली.

"बाबा, विचारायला हवं होतं," मुलगी म्हणाली.

"तुझ्या पुस्तकात बघ ना. वाट कोणाची असते?"

तिने खरंच पानं उलटली. जगातली सर्वांत लांब नदी होती. सर्वांत उंच धबधबा होता. मूलभूत हक्क सगळे होते, आकड्यासकट. वाटेचा प्रश्न नव्हता.

*

सोमवारी सकाळी आठ वाजता जमादार मोटरसायकलवरून आला. खाली उतरलाच नाही. एक पाय जमिनीवर टेकवून बोलला.

"तार तोडलीस म्हणे."

"तोडली नाही साहेब. दोन खुंट्या काढल्या, परत लावल्या. चला दाखवतो."

"चौकीत दाखव. बस मागे. दोन गोष्टी विचारायच्यात, तासाभरात सोडतो."

"साहेब, भट्टी चालू आहे."

"मग मी पण भट्टीवरच बसू का तुझ्या? बस."

बापाच्या अंगात चुन्याने कडक झालेला सदरा होता. आई म्हणाली, "अहो, सदरा तरी बदला." जमादार म्हणाला, "राहू दे. तिकडे कोण बघायला येतंय?" मग त्याला काहीतरी सुचलं. "ब्रश आहे का रे तुझ्याकडे? मोठा, भिंतीचा? घे तो. आणि चुन्याची एक गोणी घे."

आईने धावत जाऊन ब्रश आणला. धुऊन आणला. गोणी तिने चांगल्या चुन्याची निवडली, फक्कीसारखी मऊ. तिला वाटलं, बरं झालं, काहीतरी देता आलं, आता लवकर सोडतील.

बाप गोणी मांडीवर घेऊन मागे बसला. वळणावर त्याने वळून भट्टीकडे बघितलं. माणसांकडे नाही.

*

प्रश्न ११७. अटक केलेल्या व्यक्तीस किती तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे? (अ) बारा (ब) चोवीस (क) छत्तीस (ड) अठ्ठेचाळीस.

मंगळवारी सकाळी आई भट्टीच्या वर उभी होती. रात्रभर तीच होती. भुवया जळून तपकिरी झाल्या होत्या.

"किती झाले?" तिने वरून विचारलं.

"सव्वीस," मुलगी म्हणाली.

"मग चुकतंय त्यांचं. चोवीस आहे ना आपलं?"

"चोवीसच."

"मग जा आणि सांग. पुस्तक घेऊन जा. लिहिलेलं दाखव. तोंडी सांगितलं तर म्हणतील मनचं सांगतेय."

आत्या म्हणाली, "वहिनी, चौकीत पुस्तक दाखवायला पाठवतेस पोरीला?"

"मग काय दाखवायचं? हातोडा?"

*

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. बाहेरची भिंत अर्धी जुनी पिवळट होती, अर्धी ओली पांढरी. ओट्याच्या पायरीवर एक म्हातारी हातात रिकामं दावं घेऊन बसली होती. शिडीवर बाप होता.

मुलगी शिडीखाली उभी राहिली. त्याने खाली बघितलं नाही. ब्रश वर, ब्रश खाली. चुना कोपरावरून ओघळून बगलेत शिरत होता. पायात चपला नव्हत्या. पायांच्या बोटांनी त्याने शिडीचा दांडा घट्ट धरला होता.

"या फौजदार," आतून जमादार म्हणाला. नाव इथपर्यंत पोचलं होतं.

ती आत गेली. बसायला कोणी सांगितलं नाही.

"साहेब, बाबांना काल सकाळी आठला आणलंय."

"हो का? मग? उपाशी नाही ठेवलं. विचार त्याला."

"अटक केलेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे..." वाक्य पुस्तकात होतं तसंच तोंडातून निघालं आणि बंधनकारकवर येऊन अडलं. इतके दिवस हा शब्द तिने भट्टीसमोर मोठ्याने म्हटला होता. इथे तो म्हणता येईना.

जमादार हसला नाही. त्याने हात पुढे केला. "पुस्तक बघू."

तिने दिलं. त्याने मधलंच पान काढलं.

"सर्वांत मोठा ग्रह?"

"गुरू."

"रक्त लाल कशामुळे?"

"हिमोग्लोबिन."

"कायदे कोण करतं?"

"कायदेमंडळ."

आतल्या खोलीतून दुसरा शिपाई टॉवेलला हात पुसत आला आणि दाराला टेकून उभा राहिला. जमादार पानं उलटत होता. तो विचारत गेला, ती सांगत गेली. एकही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं, तो थांबला असता.

"पोलीस हा जनतेचा कोण?"

"सेवक."

"ऐकलंस का रे?" जमादार शिपायाला म्हणाला. "सेवक. चहा सांग बाईंना." शिपाई हसला आणि जागचा हलला नाही.

बाहेर ब्रशाचा आवाज थांबला होता.

"आता एक माझा प्रश्न," जमादार म्हणाला. "पुस्तकात नाही. चोवीस तास मोजायचे ते कधीपासून?"

"आणल्यापासून."

"चूक. मी लिहिल्यापासून." त्याने टेबलावरची लांब वही पुढे ओढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. "बघ, कुठे काही लिहिलंय? नाही. म्हणजे अजून घड्याळ सुरूच झालं नाही. तू म्हणत असशील तर करतो सुरू. तार तोडणे, दुसऱ्याच्या जमिनीत घुसणे. उद्या सकाळी हजर करतो साहेबांपुढे, एकदम कायद्यात. लिहू?"

ती पेनाच्या टोकाकडे बघत होती.

"पण एक लक्षात घे. तू पास झालीस की तुझी पडताळणी आमच्याकडेच येणार. घरात कोणावर गुन्हा आहे का? हो किंवा नाही. मी खोटं लिहीत नसतो. इथे असेल तर तिथे लिहीन. बोल. घाई नाही."

पायरीवरची म्हातारी खोकली.

"लिहू नका," मुलगी म्हणाली.

"मोठ्याने बोल. पोलिसात जायचंय ना?"

"लिहू नका साहेब."

जमादाराने टोपण लावलं. पुस्तक बंद करून दोन्ही हातांनी तिला परत दिलं, बक्षीस देतात तसं. "हुशार आहेस. नाव काढशील. बाहेरची भिंत आज होईल. आतल्या दोन खोल्या झाल्या की पाठवतो त्याला."

ती शिडीजवळून गेली तेव्हा बाप भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आग कशी आहे?"

"आई बघतेय."

"रंग?"

"केशरी."

"पांढरी होऊ देऊ नको म्हणावं."

एवढंच. ब्रश पुन्हा सुरू झाला.

*

"दाखवलंस पुस्तक?" आईने विचारलं.

"दाखवलं."

"मग? आपलं उत्तर चुकलं का?"

"नाही. बरोबर आहे."

आई वाट बघत राहिली, पुढे काही येतंय का. मग कोळशाची पाटी उचलून वर चढली.

*

बुधवारी दुपारी पाणी आलं.

आकाश कोरडं ठणठणीत होतं. पाणी बागेतून आलं. बागेचा पाट तारेच्या कडेकडेने जातो. त्याचा बांध एका जागी पावलाएवढा उकरलेला होता आणि पाणी वाटेच्या चाकोरीत उतरलं होतं. चाकोरी भट्टीच्या खालच्या तोंडाशी येते. तोंडापुढे चर, आणि आत दोन दिवसांचा पिकलेला कळीचा चुना.

"पाट फुटला वाटतं," बागवाला पलीकडून ओरडला. "माणूस पाठवलाय मी बांध घालायला." माणूस कुठे दिसत नव्हता.

कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो, उकळतो, फुटतो. भट्टीच्या पोटात फुगला की विटांचा बुरूज आतून उलतो, वरच्या आगीसकट. बापाने एकदा दुसऱ्याची भट्टी अशी गेलेली बघितली होती. घरात त्यावर कोणी बोलायचं नाही.

आई फावडं घेऊन चाकोरीत उतरली आणि माती ओढायला लागली. आत्या तोंडाशी बसून लोखंडी आकडीने चुन्याच्या कळ्या बाहेर खेचायला लागली.

"मी?" मुलगी म्हणाली.

"तू लांब उभी राहा. हात काखेत घाल."

तिने हात काखेत घातले. उभी राहिली. पाणी आईने टाकलेल्या मातीला वळसा घालून यायचं, आई धावून तिथे माती टाकायची, पाणी दुसरीकडून यायचं. आत्याचे गुडघे वळत नव्हते. ती बसल्या बसल्या सरकत होती. आकडीत एका वेळी दोन कळ्या, तीन कळ्या. पाण्याचं टोक चरात उतरलं. बाहेर काढलेल्या कळ्यांना लागलं आणि सूंऽऽ करून पांढरी वाफ निघाली. आत्या मागे पडली. तोंडात शिव्या होत्या, मग नुसताच आवाज.

भट्टीच्या भिंतीतून एक वीट सुटल्यासारखा टक्कन आवाज आला.

मुलीने हात काखेतून काढले.

आधी तिने गोणपाट गुंडाळलं. ते भिजलं आणि भिजलेल्या गोणपाटात चुना कालवल्यासारखा चिकटून भाजायला लागला, म्हणून फेकून दिलं. मग नुसत्या हातांनी. ती पोटावर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातले आणि कळ्या ओंजळी ओंजळीने ओढून मागे फेकल्या. गरम कळ्या, ओल्या कळ्या. हलक्या, छान पिकलेल्या. ओढताना तिच्या लक्षात येत होतं की आईने आग उत्तम राखली होती.

आईने बघितलं. फावडं मारता मारता एकदाच बघितलं. "नको" म्हणाली नाही. आणखी जोरात माती ओढायला लागली.

उन्हं कलली तेव्हा पाणी थांबलं होतं. भिंतीला बोटभर तडा होता, पण भिंत उभी होती. मुलगी हात अंगापासून लांब धरून बसली होती, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि तिला धरायला दिलेत.

त्या दिवशी आईने अंगठा उजेडात धरला नाही.

*

गुरुवारी बाप चालत आला. ब्रश चौकीतच राहिला होता. भट्टीला फेरी मारून त्याने तड्यावरून हात फिरवला. बाहेर काढून टाकलेल्या चुन्यातली एक कळी उचलून वजन पाहिलं.

"चांगला पिकलाय," तो म्हणाला.

"मारलं का?" आत्याने विचारलं.

"नाही. खोल्यांना तीन-तीन हात द्यायला लावले." थोड्या वेळाने तो मुलीला म्हणाला, "तू काय बोललीस ते ऐकलं मी शिडीवरून."

ती खाली बघत होती.

"बरोबर बोललीस," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला. पाय धुवायला त्याला फार वेळ लागला.

शुक्रवारी आईने अंगठ्याला तेल लावलं. शनिवारी साय लावली. शनिवारी संध्याकाळी तिने अंगठा उजेडात धरला. कातडी गुळगुळीत, गुलाबी, भाजून सोललेल्या बटाट्यासारखी.

"दिसतात की," आई म्हणाली.

"कुठे?"

"इथे. कडेला."

मुलीने बघितलं. "हो," ती म्हणाली. "कडेला आहेत."

*

परीक्षा शहरातल्या एका शाळेत होती. रविवारी पहाटेच्या गाडीने मायलेकी निघाल्या. आई फाटकाबाहेर झाडाखाली डबा घेऊन बसली.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "सगळे पर्याय वाच. मी वाचत नाही, तू वाच."

फाटकाच्या आत टेबल, टेबलावर यंत्र, शेजारी शाईचं पॅड आणि हजेरीचा कागद. आधी काचेवर अंगठा, मग कागदावर शाईचा अंगठा, मग आत. यंत्रामागे एक पोलीस बाई होती. इस्त्रीचे कपडे, नीट बांधलेले केस. रांगेत उभी असताना मुलगी त्या बाईकडेच बघत होती.

लाल.

"पुसा. पुन्हा ठेवा."

लाल.

मुलीने अंगठा केसांत घासला. लाल. डावा अंगठा, लाल. बाईने बाकीची बोटं एकेक करून काचेवर दाबली, दहाही. मागून कोणीतरी म्हणालं, "ए, आटप की."

"काय झालंय हाताला?" बाईने विचारलं.

"चुना लागला."

बाईने तिच्या तळव्यांकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. तिने आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी ओळखपत्र बघितलं, फोटो बघितला, चेहरा बघितला. "चेहरा तोच आहे," ते म्हणाले. "पण अंगठा नसेल तर तुमच्या हद्दीतल्या चौकीचा दाखला लागतो, हीच उमेदवार म्हणून. नऊपर्यंत आणा, मी घेतो आत."

साडेआठ झाले होते. चौकी गाडीने तीन तासांवर होती.

"फोन करून बघू का?" पोलीस बाई म्हणाली. तिने नंबर शोधून लावला. फोन वाजत राहिला. मुलीला चौकीतल्या टेबलावरचा फोन डोळ्यांपुढे दिसत होता. लांब वही, शेजारी फोन, वर नवी पांढरी भिंत. वाजून वाजून बंद झाला.

"रविवार आहे," बाई म्हणाली. "बाजूला उभ्या राहा हं."

ती बाजूला उभी राहिली. मग शाळेच्या भिंतीला टेकून बसली. फाटकाकडे गेली नाही, तिथून आई दिसली असती. आत घंटा झाली. दीड तास ती भिंतीला टेकून बसली आणि खिडकीतून पानं उलटल्याचा आवाज ऐकत राहिली.

सुटल्यावर गर्दी बाहेर आली. एका मुलीने प्रश्नपत्रिका चुरगळून फेकली, ती हिने उचलली, मांडीवर सरळ केली आणि गर्दीबरोबर फाटकातून बाहेर पडली.

"कसा गेला पेपर?" आई उठून उभी राहिली.

"सोपा होता."

"बस. वाच."

झाडाखाली बसून तिने पहिल्यापासून वाचायला घेतला. आई उत्तरं देत गेली. आजूबाजूला पोरी आपसांत भांडत होत्या, हे बरोबर की ते. दोघी-तिघी हळूहळू जवळ सरकल्या आणि आईचं ऐकायला लागल्या.

"मावशी, तुम्ही मास्तरीण का हो?"

"नाही गं. चुनेवाली." आईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "पुढचा वाच."

"अटक केलेल्या व्यक्तीस किती तासांच्या आत..."

"चोवीस," आई म्हणाली.

"हो."

शंभर झाले. आईची एक्क्याण्णव बरोबर होती. नऊ तिला कधी ऐकवलेलेच नव्हते. "म्हणजे तुझी जास्तच असणार," ती म्हणाली. डबा उघडून तिने मुलीपुढे सरकवला. शेजारच्या पोरीलाही हात पुढे कर म्हणाली. त्या पोरीच्या अंगठ्याला निळी शाई होती. तिच्या पलीकडचीच्या पण होती. आईने मान वळवून फाटकाकडे बघितलं. तिथे रेंगाळणाऱ्या सगळ्यांच्याच अंगठ्यांना होती, काही जणी भिंतीला पुसत होत्या.

आईने मुलीचा उजवा हात ओढून घेतला आणि तिरप्या उजेडात धरला. अंगठा स्वच्छ होता.

*

त्या आठवड्यात चौकीच्या वहीत एकच नोंद आहे. मंगळवार, दुपारी बारा, शेळी हरवल्याची तक्रार. खालच्या ओळीत वेगळ्या शाईने: सापडली.